रेपु

बेचाळीस डिग्री बाहेर. पत्र्याखाली किती, ते विचारू नका.
बंद शेडातले दोन माग आम्ही ढकलून बाजूला केले,
तिसरा हलला नाही,
गंजून फरशीत रुजला होता.
त्याच्याच छातीवर अ‍ॅम्प ठेवला.

शेजारी टॉवेल विणणं चालूच,
खटाक्-खट्, खटाक्-खट्,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
मला ताल शिकवायला मास्तर लागला नाही.
पूर्व भागात जन्मलेल्या पोराच्या
कानात आधी माग जातो, मग नाव.

नागनाथ बिंगी गिटार गळ्यात घ्यायचा
तापलेलं मूल कडेवर घेतल्यासारखी.
सगळ्यांत जाड तार इतकी सैल सोडायचा
की ती वाजायची नाही,
गुरगुरायची.

गाणं त्याचं. नाव नव्हतं.
"तेच घ्या बे," एवढंच म्हणायचो.

पहिला ठोका माझा.
मग चार मात्रा काही नाही.
ही चार मात्रांची जागा त्यानंच मागून घेतली होती.
"तलफ यायच्या आधी असंच होतंय," म्हणाला,
"सगळं गप.
डोक्यावरचा पंखा बी ऐकू येत नाही."

मग तार.
मग पत्रा, खिळे, माझे दात,
कोनाड्यातला मार्कंडेय ऋषींचा फोटो,
सगळं एका सुरात थरथरायचं
आणि छपरावरची कबुतरं
शिवी बसल्यागत उठायची.

कडव्यात तो ओरडायचा नाही.
ओरडणं गिटारकडे दिलेलं.
तो नुसता उधारी वाचून दाखवायचा:
शिंदीचे इतके, गोळ्यांचे इतके,
अव्वाच्या डब्यातले इतके.
आणि ध्रुवपदाला एकच शब्द, घरातला, तेलुगू,
रेपु.
रेपु.
रेपु.
उद्या.
उद्या सोडतो.
दुकानावर पाटी असते ना, आज रोख उद्या उधार,
ती पाटी कुणी
घसा फाडून गायली तर कशी लागेल,
तसं.

त्याची अव्वा, नरसव्वा, दारात सूप मांडीवर घेऊन
विड्या वळायची. दिवसाला हजार.
पंचवीसचा कट्टा, दोरा, गाठ. पंचवीस, दोरा, गाठ.
तिनं जन्मात एक विडी ओढली नाही,
खोकला मात्र ओढणाऱ्याचा.
त्या घरात तंबाखूवर चूल पेटायची.
कुणाला काय सोड म्हणणार?

एकदा तो एकोणीस दिवस कोरडा आला.
इस्त्रीचा शर्ट. नखं कापलेली.
बोटं थरथरत होती,
तरी गाणं नीट वाजवलं,
एकेक सूर वेगळा, धुतलेल्या चादरीसारखा.
आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.
गॅदरिंग चार दिवसांवर.
"मजा येईना बे," कुणीतरी म्हणालं.

कुणीतरी नाही. मी.

खिशात पन्नासची नोट होती.
"जरा लावून ये की," म्हणालो, हसतच,
जसं आपण चहाचं म्हणतो.

गॅदरिंगला पोरं खुर्च्यांवर उभी राहिली.
तसं तो परत कधी वाजला नाही.
शेवटच्या रेपुला त्यानं गिटार अ‍ॅम्पला टेकवली
आणि खाली बसला.
ती एकटीच किंचाळत राहिली.
लोकांना वाटलं, हे गाण्यातच आहे.
टाळ्या.

आता तो अक्कलकोट रोडला
टॉवेलच्या घड्या घालतो. डझनावर पैसे.
परवा चहाच्या गाड्यावर दिसला,
वजन उतरलेलं, डोळे स्वच्छ की रिकामे, कळेना.
बाकड्यावर मी बोटानं एक ठोका दिला.
चार मात्रा थांबलो.
त्यानं बशीतला चहा संपवला,
बशी उपडी ठेवली.
"वाजवू की कधीतरी," मी.
"रेपु," म्हणाला.

कुठला उद्या, ते विचारायचं होतं.
तेवढ्यात लाइट गेली,
आणि पार कन्ना चौकापर्यंतचे माग
एकदम थांबले.