रकाना सतरा

प्रश्नावली तीच होती, चारही ठिकाणी.
ब्राझीलच्या उद्यानात भरायला तीन दिवस लागले:
दर मजल्यावर एक प्राध्यापक, अर्धा मास्तर अर्धा मालक,
कॉफीवरून उठेपर्यंत भांडणारा.
व्हिएतनाममध्ये एका सकाळीत उरकली.
एकच परदेशी कारखाना, एकच उत्तर, तेही छापील.
केनियात रस्त्यांना नावं होती,
रस्त्यांवर यायची माणसं अजून यायची होती.

आणि हे इथलं. देवगडच्या वरच्या सड्यावर,
जांभा फोडून काढलेले बावीस गाळे,
एकोणीस कुलपं, खाऱ्या वाऱ्याने किल्ली विसरलेली.
पहारेकरी रुझार पिंटो खुर्ची पुसून देतो.
'बसा. सायब रत्नागिरीक गेले हत.'
कधी गेले?
'सोमवारी. गेल्या म्हयन्यातल्या.'

प्रश्न बारा, भाडेकरू: तीन.
एक आंब्याच्या पेट्यांवरचे कोड छापते,
एक गाशा गुंडाळतेय,
तिसरी म्हणजे मृणाल चिंदरकर आणि तिचं टेबल.
माशांच्या खोक्यात ठेवायचं तिचं यंत्र
बर्फ वितळू लागला की फोनवर ओरडतं.
ओरडत नव्हतं. खारं पाणी शिरायचं.
सात नमुने मेले,
सल्लागार आला, अहवाल देऊन गेला.

प्रश्न सतरा: ज्ञान कुठून कुठे झिरपते?
उद्यानातील संस्थांची नावे लिहा.

मृणाल मला स्कूटीवर बसवते.
सात वळणं उतरून जेटी, बर्फाचा कारखाना,
आणि इसाक मुजावर, आठवी नापास, होड्यांच्या इंजिनांचा मिस्त्री.
हात न पुसता यंत्र घेतो, कानाशी हलवतो,
नारळात पाणी आहे का बघावं तसा.
याच माणसाने तिला म्हटलं होतं,
'रबर कशाला? पंख्याच्या दांड्याला आम्ही काय गुंडाळतो बघ.'
ग्रीसमध्ये भिजवलेली दोरी. चार वेढे.
आठवा नमुना तेव्हापासून ओरडतोय.
त्याच्या फळीवर, नोझलांच्या शेजारी,
तिची जुनी सोल्डरगन. आता तो वायरलेस दुरुस्त करतो.

हे उद्यानात धरायचं का, मी विचारते.
'कुंपणाबाहेर आहे ना,' ती म्हणते.
'आणि बर्फ उधार देतो, तो कुठल्या रकान्यात?'

वर परतल्यावर रुझार फाटक धरून उभा.
'मगे? चारांत आमचो नंबर कितवो?'

रकाना सतरा दीड इंच रुंद.
मी लिहिते: सात वळणं, चार वेढे.
पुण्यात टंकताना हे गळेल, ठाऊक आहे.
म्हणून पेन दाबून लिहिते,
खालच्या पानावर उमटेल असं.