चुन्याची मात्रा

रात्रपाळीत माझं काम एवढंच,
काटा जिथे आहे तिथेच आहे ना, हे बघायचं.
साठ बार. साठ बार. साठ बार.
पलीकडून समुद्र पडद्यावर रेटला जातो
आणि अलीकडे येतं गोडं पाणी,
ज्यात मीठ नाही, मासळी नाही, रास अल खैमा नाही.

चौदा वर्षं झाली.
खाल्ल्या मिठाला जागावं, असं अण्णा म्हणायचे.
जयसिंगपूरच्या गिरणीत टाइमकीपर होते,
भोंगा कायमचा बंद झाल्यावरही काही महिने
सकाळी सातला फाटकापर्यंत जाऊन यायचे, डबा घेऊन.
मी तर मीठ काढून टाकायचाच पगार घेतो.
कुणाला जागू?

अश्फाक मुकादम, बाणकोटचा,
मागच्या रमजानमध्ये सोडून गेला.
अल घैलला शेड बघितलीय त्याने.
आपण भंगारात घालतो ते पडदे
तो धुणार, तपासणार,
खजुराच्या बागांना, छोट्या हॉटेलांना विकणार.
"तू दाब बघ, मी गिऱ्हाईक बघतो.
समुद्र काय संपतोय होय?"
भाड्याचे चार चेक, तीन-तीन महिन्यांचे,
त्यातले दोन माझ्या सहीचे.
शुक्रवारपर्यंत सांग म्हणाला.

अश्फाक तसा घाईचा.
एकदा व्हॉल्व्ह दोन मिनिटं आधी उघडला त्याने,
रात्रभर फरशी पुसली आम्ही.
पण गळती कुठे आहे
ते मीटरच्या आधी त्याच्या कानाला कळायचं.

लॉगशीटच्या पाठीवर हिशेब मांडला.
पहिली पाच वर्षं, वर्षाला एकवीस दिवस.
पुढची नऊ, वर्षाला तीस.
एकशे पाच अधिक दोनशे सत्तर,
तीनशे पंच्याहत्तर दिवसांचा मूळ पगार.
म्हणजे चौदा वर्षांतलं
एक वर्ष आणि वर दहा दिवस
माझ्या नावावर साठलंय.
पुन्हा बेरीज केली. तेवढंच.

आणि माझ्या व्हिसाला टांगलेले दोन व्हिसे.
ईशानची नववी.
चेक परत आला तर काय होतं
ते इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मेहुण्याचा फोन आला सांगलीहून,
"भावजी, चांगल्या नोकरीवर पाणी सोडू नका."
मला हसू फुटलं.
पाणी सोडणं हीच तर नोकरी.

कुमुद म्हणाली, "अश्फाकभाई चांगलेच आहेत.
पण चुना लावणारे दिसायला चांगलेच असतात."

आता चुन्याचं म्हणाल तर ते मला विचारा.
पडद्यातून आलेलं पाणी तसंच्या तसं शहरात सोडत नाहीत.
फार स्वच्छ असतं ते.
इतकं की त्याला भूक लागलेली असते,
जाईल तिथे पाइप आतून कुरतडत जातं.
म्हणून टाकीच्या तोंडाशी मी त्यात चुना घालतो,
थोडा. मोजून.
जास्त झाला तर नळ धरतात,
कमी पडला तर गंज.
तेव्हा कुठे ते लेकरांना पाजता येतं.
चौदा वर्षं रोज रात्री हे हात ती मात्रा घालतायत
आणि मी म्हणतो मला अंदाज नाही.

गुरुवारी पहाटे
चुन्याच्या आधीच्या नळाला बाटली लावली
आणि घरी घेऊन आलो.
कुमुदने घोट घेतला,
जिभेवर धरून ठेवला थोडा वेळ,
शेजारणीच्या घरची आमटी चाखावी तसा.
"याला काहीच लागत नाही."

त्यावर मला बरंच बोलायचं होतं,
बसमध्ये पाठ करत आलो होतो.
तिने ऐकून घेतलं नाही.
बाटली पातेल्यात रिकामी केली, "चहाला चालेल,"
आलं ठेचलं, साखर घातली, गॅस बारीक केला.

मग पाठमोरीच म्हणाली,
"पहिल्या चेकवर तारीख कुठली घालायची म्हणतायत?"