घरयादी

चौथीची बत्तीस मुलं घरी पाठवली,
शाळेला कुलूप घातलं,
आणि साक्षर किती ते मोजायला निघाले,
मी, हेमलता इंदापूरकर, सहायक शिक्षिका.

बिर्लानगर, लाइन नंबर आठ.
दारावर गेरूनं आकडा,
आकड्याखाली बाण, पुढच्या दाराकडे.

भगवानदास कोरी, वय एकोणऐंशी.
काय काम करता?
"मिल में हैं जी. रिंग खाता."
मिल बंद होऊन तीस वर्षं उलटली,
भोंग्याच्या बुडाशी पिंपळ फुटलाय.
बाबा, आता काय करता?
"हिसाब बाकी है. नाम कहाँ कटा?"
मोबाइलवरची यादी मी खालपर्यंत ओढली,
पुन्हा वर नेली.
शेवटी 'काम नाही' दाबलं,
त्यांना स्क्रीन दिसणार नाही इतकी वळून.

त्यांचा नातू एम.एस्सी., बी.एड.
परीक्षा तीनदा दिली, तिसरी रद्द झाली.
रात्री पार्सलं पोचवतो.
"वो मत लिखिए मॅडम. लिखिए, तैयारी."
एका लाइनीत तयारी करणारे नऊ,
धाकटा सव्वीस, थोरला अडतीस.
त्यातले दोघे माझेच विद्यार्थी.
पाया पडले. मी पाढे विचारले नाहीत.

मीना राठोर म्हणाली, "मैं तो कुछ नहीं करती."
माझे प्रश्न संपेतो
तिनं गजकचे एकवीस खोके घडले.
शेकड्याला किती मिळतात, हे
विचारायला सांगितलेलं नव्हतं. विचारलं.
मग ऐकून गप्प बसले.

दिघ्यांच्या सुनेनं मातृभाषा सांगितली हिंदी,
आणि आत वळून हाक मारली,
"अहो आई, त्या शाळेतल्या बाई आल्यात!"
सांगेल तेच लिहायचं, असा नियम.

तिन्हीसांजेला पाठकसर माझ्या दारी.
त्यांचा ब्लॉक. ओळख असूनही
पहिल्यापासून सगळं विचारलं.
घरात माणसं किती?
तीन, म्हणाले. मग म्हणाले, थांबा, दोन.
निनाद चार वर्षं पुण्यात असतो.
इथे त्याची सायकल आहे,
रेशनकार्डावर नाव आहे.
सरांचं बोट स्क्रीनवर तसंच राहिलं.
"तिकडे मोजतील की त्याला."

मोजतील?
त्याची रात्रपाळी असते, सर.
दिवसा तो दार उघडत नाही.