खांबात कोण

खोक्यात निघालं ते एवढंच :
नारळाच्या कवडीएवढा पांढरा कॅमेरा,
चार स्क्रू, एक बारका पाना
आणि सहा भाषांतलं माहितीपत्रक,
त्यात आपली नाही.

शाकीर पिंजारी शिडीवर. शिडी धरून मी.
खाली नंदुरबारचा जानेवारी,
नजर जाईल तिथवर पथारीवर लाल मिरची,
दर दोन वाक्यांमागं एक ठसका.
"दादा, लिहून घ्या," तो वरून म्हणाला,
"एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, चौसष्ट."
मी पावतीच्या पाठीवर लिहिलं,
पोत्यांची वजनं लिहितो तसं, एकाखाली एक.
हा म्हणे त्याचा पत्ता.
पण त्या पत्त्यावर काट्याजवळचा प्रिंटर
आधीच ठाण मांडून बसलेला,
दोघं एका घरात नांदेनात.
भांडण सोडवण्यात अर्धा तास गेला,
शेवटी याला पासष्ट दिला.

मग पासवर्ड.
"आहे तोच ठेवू नका, दादा,
तो जगातल्या सगळ्या चोरांना पाठ आहे."
मी शिडी धरून विचार करत राहिलो.
बायकोचं नाव दुकानाच्या पाटीवर,
गाडीचा नंबर गाडीवर,
कुणालाच ठाऊक नाही असं आपल्याकडं
असतं तरी काय?
जे टाकलं ते इथं सांगणार नाही.

आणि चित्र आलं.
सगळ्यात आधी माझं टक्कल,
मला वाटत होतं त्याहून मोठं.
हात हलवून पाहिला.
मोबाईलमधला मी दोन सेकंद तसाच उभा,
मग ओळख पटल्यासारखा त्यानंही हलवला.

कोपऱ्यात तारीख होती :
एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
त्याच्या लेखी मी नव्हतो, ही पथारी नव्हती,
शाकीरचा बाप गोधडीत होता.
रुमा पाडवी तेवढा नुकताच जन्मला असेल,
मोठ्या दुष्काळात दोन वर्षांचा होतो म्हणतो.
शाकीरनं बोट फिरवलं
आणि पन्नासच्या वर वर्षं सरकन निघून गेली.

बाभळीखाली डेखं खुडणाऱ्या बायका
दुपारी लेकरांना पाजतात, झोळ्या बांधतात.
तिथं मी बोटानं काळा चौकोन ओढला.
शाकीर म्हणाला, चोर नेमका तिथून येईल.
म्हटलं, येऊ दे.

कॅमेरा कशासाठी, ते रुमाला मी सांगितलं नव्हतं.
दिवाळीपासून तीन पोती कमी भरली होती.
तो खाली उभा राहून विचारत होता,
दव पडलं तर याचं कसं?
आणि स्वतःच कुठूनशी प्लास्टिकची पिशवी आणून
त्याच्या डोक्यावर टोपडं बांधून गेला.

इथं येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्याला पाणी येतं,
व्यापाऱ्याच्या, हमालाच्या, कुत्र्याच्यासुद्धा.
हा एकच डोळा कोरडा.

रात्री दोन चाळीसला उशाशी फोन थरथरला :
माणूस दिसला.
उघडलं तर लाल कुठंच नाही,
सगळी मिरची राखेच्या रंगाची,
आणि तिच्या काठाकाठानं चालत येणारा रुमा,
डोळे दोन पांढरे ठिपके.
तो वाकला. माझा श्वास अडकला.
वाऱ्यानं उलटलेली ताडपत्री त्यानं सारखी केली,
वर दगड ठेवला,
दगड हलतो का ते पायानं पाहिलं.

बोलायचं बटण असतं, शाकीरनं दाखवलं होतं.
काय बोलावं ते न ठरवताच दाबलं.
"रुमा, थंडी आहे का रे?"

दोन सेकंद.
मग तो दचकला, आधी मागं पाहिलं, मग वर,
कानाला तळवा लावून अगदी खांबाशी आला.
"भाऊ," तो हळूच म्हणाला,
"तू घर शे का खांबामा शे?"

बटणावर अंगठा तसाच होता.
काय सांगावं, सुचेना.
तो थोडा वेळ थांबला,
मग पिशवीची सुटलेली गाठ घट्ट करून
पुढं गेला, काळ्या चौकोनात,
आणि मला दिसेनासा झाला.