नाव असलेलं वादळ

विम्याच्या कागदावर पहिलाच रकाना: नाव.
वेर्लिनने तिथे होडीचं लिहिलं, 'पेशन्स',
मग खोडून स्वतःचं.

कलम सात: वादळाला नाव असेल
तर विमा रकमेचा दहावा हिस्सा तुम्ही सोसायचा.
बिननावाचं असेल तर पाचशे डॉलरांत भागेल.

कॅरिआकूच्या खाडीत दुपारपासून
माणसं होड्या तिवरांत ढकलतायत.
ओझायस कमरेइतक्या चिखलात.
मुळांना दोर, दोन-चार नाही, अकरा;
जिथे घासेल तिथे
आगीच्या बंबाचा जुना पाइप चिरून गुंडाळलेला.
शिडं उतरवून चर्चच्या माळ्यावर.
"फोटो काढ," ती ओरडते, "प्रत्येक गाठीचा.
गाठी दिसल्या पाहिजेत त्यांना."

रात्री रेडिओने वादळाचं नाव सांगितलं.
गोड होतं,
कुणाच्याही बारशाला शोभेल असं.

पाचव्या दिवशी सर्वेक्षक आला,
कोरडे बूट घालून.
डोलकाठी मोडलेली, इंजिनात गाळ.
घसारा धरून, दहावा हिस्सा वजा करून
त्याने एक आकडा लिहिला.
वेर्लिनने तो एकदाच वाचला.

अकरापैकी नऊ दोर जागच्या जागी होते.
तिवरांवर पान म्हणून उरलं नव्हतं.
नुसती मुळं, होडीला धरून.
त्यांच्यासाठी कागदावर रकाना नव्हता,
आणि सर्वेक्षकाची लाँच तर कधीच गेली होती.

ओझायस सुरी घेऊन पहिल्या गाठीपाशी वाकला.
"राहू दे," ती म्हणाली.
हंगाम संपायला
अजून दहा आठवडे होते.