चौथा प्रश्न

प्रश्न चौथा. गुण दहा.
बीजधारी वनस्पतींचे मुख्य गट सांगा, त्यांतला फरक स्पष्ट करा.
स्वाकोपमुंडच्या नगरपालिकेचा हॉल,
समुद्रावरचं धुकं खिडकीतून आत आलेलं,
पंखा तेच फिरवत बसलाय.
मागच्या वर्षी गाईडच्या परीक्षेत मी इथेच आपटलो,
एकाच झाडावर साडेतीन पानं लिहिली म्हणून.

या खेपेला आधी बाहेर बघतो.
फुटपाथवर नॉरफोक पाइन,
मजल्यावर मजले चढवावेत तशा फांद्या.
शंकूच्या खवल्याला धरून बी वाढते,
दार न लावलेल्या खोलीत कुणी निजावं तशी.
लिहितो: अनावृतबीजी. सूचिपर्णी.
फूल नाही, फळ नाही, परागांचं सगळं वाऱ्यावर.

शेजारी खजूर.
रुजताना आधी एकच दल, पानांच्या शिरा समांतर,
फुलात तीन-तीनचा हिशेब.
कापला तरी वय सांगत नाही, खोडात वर्तुळंच नाहीत.
लिहितो: आवृतबीजी, एकदल.

गिंको मी पाहिलेला नाही.
हिरोसाकीच्या चिगुसाबाईंच्या वहीत त्याचं पान होतं, पिवळं,
हातपंख्यासारखं.
त्याच्या बीभोवती गर असतो, म्हणाल्या,
पण ते फळ नव्हे, बीचंच जाड कातडं.
आणि वास असा, की झाडूवाले नाक बांधून येतात.

बागेत एक सायकस आहे. नर.
काही वर्षांनी शंकू येतो, पराग उडतो
आणि बाकावर बसतो.
पुढे मैलोन् मैल त्याचं कुणी नाही.
(हे उत्तरात लिहायचं का? खोडतो.)

आता माझी दोन.

गोट्यांच्या माळावर वेल्वित्शिया क्रमांक सत्तेचाळीस.
दर महिन्याला पट्टी लावून मोजतो,
बुडातून पान किती पुढे सरकलं.
पर्यटक म्हणतात, केवढी ही पानं!
मी म्हणतो, दोनच आहेत. जन्मभराची दोन.
चिंध्या वाऱ्याने केल्यात.
मादीच्या शंकूवर सकाळी गोड थेंब येतो,
त्यावर माश्या येतात.
पुस्तक सांगतं, याला फूल नसतं.
माश्यांना ते कुणी कळवलेलं नाही.

आणि वाळूच्या टेकाडावर नारा.
नाव घेताना जीभ टाळूवर वाजवायची,
कागदावर ती वाजत नाही.
पानं नाहीत, नुसते काटे,
मुळं कुठवर गेलीत ते पाण्यालाच ठाऊक.
फ्रेडरिका मावशी गाढवगाडी घेऊन जाते,
फळं फोडून गर पिंपात शिजवते,
बिया चाळून वाळवते.
पुढच्या दोन दातांत बी धरते, कट्.
टरफल एकीकडे, आत दोन पांढरी दलं.
द्विदल म्हणजे काय, ते मी तिच्या तोंडात पाहिलं,
पुस्तक नंतर आलं.

गेल्या आठवड्यात तिला फरक समजावत होतो:
एकाची बी उघडी, एकाची फळात झाकलेली.
ती पिंप ढवळत म्हणाली,
म्हणजे एकाचा भरवसा वाऱ्यावर, दुसऱ्याचा कोल्ह्यावर.
कोल्हा फळ खातो आणि बी लांब नेऊन टाकतो,
पोटातून. फुकट नाही काही.
मग माझ्याकडे बघून म्हणाली,
तुझा कागदावर.

दहा मिनिटं उरलीत, पर्यवेक्षक सांगतो.
माझं पाऊण पान झालंय. तक्ताही आखलाय,
दोन रकाने, मधली रेघ थोडी तिरकी.
वेल्वित्शियालाही रुजताना दोन दलं येतात,
तरी ती अनावृतबीजीच्या रकान्यात.
ते लिहिलं, आणि तिथेच अडकलो.
खिशात मावशीने दिलेल्या बिया आहेत.
एक काढून दातांत धरतो.

कट्.

सगळा हॉल मान वर करतो.