तिसरी गाठ

तुळजापूर नाक्याच्या पुढं, पत्र्याच्या शेडखाली
बंदेनवाजचाचा जुने शॉकअप विकतात,
बाजारात वांगी लावावीत तसे ढीग लावून.
एप्रिल. दुपारचे साडेबारा.
इथं पाना आपण धरत नाही,
पानाच आपल्याला धरतो.

"कुठली गाडी? कुठलं साल?"
मी सांगते.
"मग घ्या की ओ ताई, हीच जोडी. डोळे झाकून बसती."

डोळे झाकून आलेली नाही मी.
पर्समध्ये आरसीची झेरॉक्स,
मोबाईलमध्ये चाक काढून घेतलेले फोटो,
थिनरनं पुसून इरण्णा मेकॅनिकनं
वाचला तेवढा नंबर,
शेवटचे दोन आकडे गंजानं खाल्लेले.
आणि नान्नांचा दोरा.

नान्ना मिलमध्ये जॉबर होते.
सगळे माग लांबून सारखेच, म्हणायचे,
जवळ गेलं की प्रत्येकाचं गोत्र वेगळं.
एका कंपनीचं चाक दुसऱ्याच्या दांड्यावर
जायचं नाही.
किंवा जायचं,
आणि ते जास्त वाईट.
"जे बसत नाही ते परत देता येतं.
जे थोडं बसतं
ते घरात राहतं."

काल संध्याकाळी स्टुलावर बसून, एका हातानं कंबर धरून
त्यांनी मेणाच्या दोऱ्याला तीन गाठी मारल्या.
खालच्या दोन बोल्टांमधलं अंतर.
तिथून स्प्रिंगच्या ताटलीपर्यंत.
तिथून खाली, लिंकच्या कानापर्यंत.
टेप होती घरात. टेपवर त्यांचा विश्वास नाही,
टेप सगळ्यांशी गोड बोलते.

मी दांडा दाबून सोडते.
डावा दमानं वर येतो, उजवाही.
तेलाचा ओघळ नाही, रबराला चीर नाही.
स्प्रिंगवर दोन ठिपके, निळा आणि पांढरा.
आमच्या स्प्रिंगवर एकच, पिवळा.
"ही डिझेलची हाय ना चाचा?"
"असंल की. कडक बसंल, चांगलंच हाय."
स्प्रिंग मी बाजूला ठेवते.
नान्नांच्या मणक्यांना अजून कडक काही नको.

"ठोकलेली गाडी होती?"
"मागून ओ, मागून."
या शेडातली प्रत्येक गाडी
मागूनच ठोकलेली असते.

दोरा लावते.
पहिली गाठ बरोबर भोकावर.
दुसरी ताटलीच्या कडेला, जणू तिथंच मारलेली.
चाचा पोऱ्याला चहा सांगतात.
तिसरी
नखभर खाली.
पुन्हा लावते, दोरा ताणून, मग सैल सोडून.
नखभर खाली.

"त्यात काय ओ! कान कापायचा, वर वेल्डिंग मारायचं.
समोरच करतो, शंभर रुपयात."
बावीसशेचे अठराशे होतात,
अठराशेचे चौदाशे.
भाव उतरत जातो,
कान काही वर चढत नाही.

मागच्या सीटवर जी चादर आहे
तिच्यावर एक मोर आहे.
मानेपर्यंत ठीक, मग मान बोटभर डावीकडं सरकलेली.
त्या पाळीत नान्नांनी मागाला
शेजारच्या बंद मागाचं चाक लावलं होतं.
जवळपास बसलं होतं.
ठाण रद्द झालं, तेव्हा त्यातली ही एक
त्यांनी स्वतःच्या पगारातून विकत घेतली.
का, ते कधी सांगितलं नाही.
आता त्याच चादरीवर, काच खाली करून,
ते माझी वाट बघतायत.

चहा पिते. चाचांना दहाची नोट देऊ लागते, ते रागावतात.
"पुढच्या आठवड्यात एक गाडी फुटणार हाय,
तुमच्याच सालची. दोरा घेऊन या."

"बसलं?" नान्ना विचारतात.
"दोन गाठी बसल्या."
दोरा हातात घेतात, तिसरी गाठ
अंगठ्यानं चाचपतात,
आपलीच तर चूक नाही ना, असं.
मग बोटाला गुंडाळून
शर्टाच्या खिशात टाकतात.

अशोक चौकाच्या अलीकडं स्पीडब्रेकर.
मी पहिल्या गिअरवर, श्वास धरून.
तरी डावीकडून टक्.
आरशात त्यांचा हात वरच्या कडीला गेलेला दिसतो,
तोंड आवळलेलं.
"लागलं का?"

"चालव," म्हणतात.
"हा आवाज आपला आहे."